पहिली फेरी

हल्ली ओळखीचं माणूस भेटलं की तब्येतीची चौकशी आकड्यांत होते. "उपाशीपोटीची किती?" "११८." "आणि जेवणानंतरची?" इथे उत्तर देणारा जरा घुटमळतो. "दोनशेच्या आत आहे. पण आदल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी झाली होती ना!" साबुदाण्याच्या खिचडीनं या राज्यात जेवढे आळ सोसलेत तेवढे एखाद्या पालकमंत्र्यानंही सोसले नसतील. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी मात्र खिचडीची सबब ऐकून घेत नाही. ती सातच्या खाली असली तर माणूस न विचारता सांगतो, वर असली तर पावसाचा विषय काढतो.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत आणि १३ कोटींच्या वर माणसं उंबरठ्यावर उभी आहेत. तेव्हा अशा गप्पांना माणसं कमी पडायची भीती नाही. गंमत एवढीच, की या साऱ्या गप्पा साखरेच्या. ज्याच्या जिवावर साखर आटोक्यात राहते ते इन्सुलिन अंगात किती तयार होतं, काल किती होत होतं, दहा वर्षांपूर्वी किती, हे कुणी कुणाला विचारत नाही. इन्सुलिनचं नाव निघतं ते टोचून घ्यायची पाळी आल्यावरच. "जोशीकाका इन्सुलिनवर गेले, कळलं का?" सांगणाऱ्याचा सूर असा, की ऐकणारा चपला शोधायला लागतो. मग लोक भेटायला जातात. जाताना चिकू नेतात.

तसा इन्सुलिन हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात आधीच येऊन गेला होता. डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांच्यामागून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळा जेवा आणि जेवण ५५ मिनिटांत आटपा असं सांगितलं, तेव्हा खाल्लं की इन्सुलिन सुटतं ही गोष्ट घराघरांत पोचली. ताटाशेजारी मोबाइलचं घड्याळ लावून बसलेली मंडळी मी पाहिली आहेत. ५३व्या मिनिटाला "वाढ, वाढ, लवकर वाढ" असा पुकारा होई आणि दिवसभरात पोटात गेली नसती एवढी बासुंदी दोन मिनिटांत जाई. मधल्या वेळचं खाणं बंद करायला माझी हरकत नाही. फरसाणाच्या पुड्यापासून या राज्याला जो वाचवील त्याचं मी स्वागतच करीन. पण त्यातून एक समज पसरला, की जेवलं की इन्सुलिन आणि एरवी स्वादुपिंडाला सुट्टी. असं नसतं. निरोगी माणसाच्या अंगात दिवसाला साधारण ४० ते ५० युनिट इन्सुलिन तयार होतं आणि त्यातलं जवळजवळ निम्मं जेवणाखाण्याशी संबंध नसताना. रात्री आपण घोरत असतो तेव्हा यकृत हळूहळू रक्तात साखर सोडत असतं. तिला आवर घालायला इन्सुलिनची बारीक धार अखंड लागते. तीसुद्धा एकसारखी नसते. दर पाचेक मिनिटांनी थोडी वाढते, थोडी ओसरते. निर्जळी एकादशी केली तरी हे काम चुकत नाही, आणि साबुदाण्याची एकादशी केली तर विचारायलाच नको.

एवढं काम करणाऱ्या या अवयवाचा पत्ताही आपल्याला नीट ठाऊक नसतो. हृदयाला कवी मिळाले, डोळ्यांना तर रांग लावून मिळाले, स्वादुपिंडासाठी एकानंही लेखणी उचललेली मला आठवत नाही. जठराच्या मागे आडवं पडलेलं, शंभरेक ग्रॅमचं हे मऊ प्रकरण. त्यातलाही बहुतेक भाग पाचकरस बनवतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी असतात त्या इवल्या पुंजक्यांत. असे पुंजके दहा लाखांच्या घरात, पण सगळे गोळा करून काट्यावर टाकले तर भरतील एक-दोन ग्रॅम.

ते पहिल्यांदा पाहिले १८६९ साली, बर्लिनमध्ये, पाउल लँगरहॅन्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं. पाहिले, वर्णन केलं आणि यांचं काम काय ते मला ठाऊक नाही असं प्रबंधात सरळ लिहून टाकलं. आजच्या पीएचडीत असं लिहायची छाती होईल का कुणाची? गाइड तिथल्या तिथे राजीनामा देईल. लँगरहॅन्सला पुढे क्षय झाला. हवापालटासाठी तो अटलांटिकमधल्या मदेराच्या बेटावर गेला, तिथे रोग्यांना तपासू लागला आणि उरलेल्या वेळात समुद्रातल्या किड्यांचा अभ्यास करू लागला. १८८८ साली तिथेच वारला. दुसऱ्याच वर्षी स्ट्रासबर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून पाहिलं आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. मग १८९३ साली लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्या पुंजक्यांना लँगरहॅन्सची बेटं असं नाव दिलं. आयुष्य बेटावर संपलेल्या माणसाच्या नावानं ही बेटं राहिली, आणि ती कशासाठी होती हे त्याला कळायचं मात्र राहून गेलं.

त्या बेटांतल्या बीटा पेशी नक्की काय करतात हे सांगायचं तर मला पंगतीशिवाय दुसरं काही सुचत नाही. बुफे नव्हे, पाट मांडलेली पंगत. जेवायला बसलेत स्नायू, यकृत, चरबी यांच्या पेशी. रक्तातून आलेली साखर हे अन्न. आणि इन्सुलिन म्हणजे वाढपी. वाढपीच नसेल तर भरलेली पातेली पडवीत उभी आणि पानावरची माणसं उपाशी. मधुमेह म्हणजे हेच: घरात अन्नाचे ढीग आणि खाणाऱ्याच्या तोंडात घास नाही.

चांगल्या पंगतीत पानं मांडायच्या आधीच भाताच्या पराती आणि वरणाची भांडी भरून दाराशी तयार असतात. मंडळी बसली रे बसली की पहिली फेरी झपाट्यानं होते. कुणाचं पान रिकामं राहत नाही. मग मुदपाकखान्यातून मागचं अन्न येत राहतं आणि दुसरी फेरी सावकाश, पंगत उठेपर्यंत चालते. बीटा पेशी असंच करतात. इन्सुलिनचे काही कण पेशीच्या कडेशी भरून, तयार ठेवलेले असतात. साखर वाढल्याची चाहूल लागली की एक-दोन मिनिटांत ते बाहेर पडतात आणि दहाएक मिनिटांत ही पहिली फेरी संपते. मागून राखीव साठ्यातलं आणि ताजं तयार होणारं इन्सुलिन येतं. साखर चढी असेल तोवर ती दुसरी फेरी चालू राहते. शिरेतून साखर टोचून दर मिनिटाला रक्त तपासलं तर या दोन फेऱ्या आलेखावर स्वच्छ दिसतात. रोजच्या जेवणात त्या एकमेकींत मिसळतात, पण तिथे बीटा पेशींना इतर सूचनाही मिळतात. घासाचा वास, चव लागताच मेंदूकडून हलकासा निरोप जातो, आणि अन्न आतड्यात उतरलं की तिथून जीएलपी-१सारखी संप्रेरकं सुटून बीटा पेशींना सावध करतात. तीच साखर शिरेतून दिली तर इन्सुलिन कमी सुटतं आणि तोंडानं दिली तर जास्त, हे १९६४मध्येच लक्षात आलं होतं. हल्ली वजन उतरवणारी जी महागडी इंजेक्शनं गाजताहेत, त्यांचं मूळ या आतड्याच्या निरोपात आहे. पुरण शिजल्याचा दरवळ आला की मला एकदम शहाणं वाटायला लागतं, ते बहुधा आतल्या या लगबगीमुळे असावं.

आता जेवणाऱ्यांचा स्वभाव. तरुणपणी ही मंडळी गुणी असतात. वाढलं की खातात. मग वय वाढतं, पोट सुटतं, चालणं बंद होतं, यकृतात चरबी साठते आणि एकेक जण पानावर हात आडवा धरायला लागतो. "नको, नको, खरंच नको!" मराठी वाढपी अशानं खचून जात नाही. तो आग्रह करतो. "अहो, अर्धी तरी!" पण आग्रहाला वेळ लागतो, माणसं लागतात. जिथे एक वाढपी पुरे होता तिथे तीन लागतात. डॉक्टर याला इन्सुलिनचा प्रतिरोध म्हणतात. लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली दाखवलं, की काही मधुमेहींना टोचलेलं इन्सुलिन लगेच लागू पडतं आणि काहींचं शरीर त्याची फारशी दखलच घेत नाही.

पण शरीरात प्रत्यक्ष इन्सुलिन किती, ते मोजायचं कसं? रक्तात त्याचं प्रमाण इतकं सूक्ष्म, की ते जमायला १९५९-६० साल उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी आयोडिन वापरून ते मोजलं. यॅलो मुळात भौतिकशास्त्राच्या, आणि त्यांची पहिली प्रयोगशाळा झाडूवाल्याच्या खोलीत थाटलेली. तोवर बहुतेकांची समजूत, की मधुमेह म्हणजे इन्सुलिन नसणं. यांनी मोठ्या वयात मधुमेह झालेल्यांचं रक्त तपासलं तर त्यात इन्सुलिन चांगलं भरपूर, कित्येकांत निरोग्यांपेक्षाही जास्त! पंगतीत वाढपी धावत होते आणि तरी पानं रिकामी होती. या मोजमापाचं पेटंट दोघांनीही घेतलं नाही. बर्सन १९७२ साली गेले. यॅलोंना नोबेल मिळालं १९७७मध्ये.

यॅलो-बर्सन यांच्या निष्कर्षावरून एक घाईचा अर्थ निघाला, की दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन मुबलक असतं, दोष फक्त आडमुठ्या जेवणाऱ्यांचा. पण एकूण किती वाढलं याबरोबर केव्हा वाढलं हेही बघायला हवं. १९७०च्या दशकात दिसून आलं, की उपाशीपोटीची साखर ११५च्या पुढे गेली की शिरेतल्या साखरेला मिळणारा पहिल्या फेरीचा प्रतिसाद जवळजवळ नाहीसाच होतो. ११५! म्हणजे "आमची उपाशीपोटीची अगदी काठावर आहे हो, काळजी नाही" असं ज्या आकड्यावर आपण म्हणतो तिथेच. पहिली फेरी चुकली की पंगत बसल्यावर पहिला अर्धा तास गोंधळ, पातेली तुंबलेली, आणि मग उशिरा आलेले वाढपी चुकलेलं भरून काढायला दुप्पट वाढतात. एकूण हिशेबात इन्सुलिन जास्त भरतं, पण वेळ गेलेली असते. म्हणून सुरुवातीला जेवणानंतरची साखर बिघडते, आणि काहींना तर जेवणानंतर तीन-चार तासांनी उलट साखर उतरून घाम फुटतो. मग ते बिस्किट खातात. इथे फरसाणाचा पुडा पुन्हा घरात शिरतो.

आणि ही वाढीव धावपळही कायमची नाही. उपाशीपोटीची साखर १४०च्या आसपास जाईपर्यंत इन्सुलिन चढत जातं आणि त्यानंतर उतरायला लागतं. अमेरिकेतले राल्फ डिफ्राँझो यांनी १९८८ साली हा चढ-उतार मांडला. त्याचं चित्र एखाद्या टेकडीसारखं दिसतं. रोग्याला आपला आजार कळतो तो बहुधा टेकडी उतरू लागल्यावर.

ही उतरण किती वेगानं होते हे बघायला एक फार चिवट माणूस लागला. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ साली ब्रिटनमध्ये एक पाहणी सुरू केली. नुकतंच निदान झालेले ५,१०२ रुग्ण, २३ केंद्रं. कुणाला फक्त पथ्य, कुणाला गोळ्या, कुणाला इन्सुलिन, आणि वर्षानुवर्षं तपासण्या. वीस वर्षं चाललेल्या या कामाचे मुख्य निष्कर्ष १९९८मध्ये आले आणि टर्नर पुढच्याच वर्षी गेले. त्यातला मला सर्वांत बोचलेला भाग १९९५च्या अहवालात आहे. निदानाच्या दिवशीच बीटा पेशींची कामगिरी निरोग्याच्या निम्म्यावर आलेली होती. नुसत्या पथ्यावर असलेल्यांची सहा वर्षांत २८ टक्क्यांवर आली. ही रेषा पट्टीनं मागे नेली तर शंभर टक्क्यांना कुठे भिडते? निदानाच्या दहा-बारा वर्षं आधी. म्हणजे ज्या दिवशी लॅबमधला मुलगा पाकीट हातात देतो, त्याच्या दहा वर्षं आधी, मुलाच्या मुंजीत तुम्ही पैजेनं जिलब्या खात होता तेव्हाच, ओसरायला सुरुवात झालेली असते.

कामगिरी मोजायला त्यांनी वापरलेलं सूत्र ऑक्सफर्डमध्येच १९८५ साली बसवलेलं होतं. त्याला सकाळची उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन एवढे दोनच आकडे लागतात. तेव्हा ते सूत्र अंदाजाचं, आणि मागे ओढलेली रेषा पट्टीची. शरीर पट्टीनं चालत नाही. पण उताराची दिशा नंतरच्या अभ्यासांतही तीच दिसली.

गोळीनं काय होतं? बीटा पेशींना डिवचणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्यांचा शोध मोठा गमतीचा. १९४२ साली फ्रान्समध्ये माँपेलिए इथे जानबों हे डॉक्टर विषमज्वरावर एक सल्फा औषध वापरत होते. रोगी तापानं नव्हे तर साखर उतरून गळायला लागले. लूबातियेर यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं, की हे औषध स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं. यजमानानं मागे उभं राहून "चला, चला, भात आणा" असा धोशा लावावा तसं. टर्नर यांच्या पाहणीत या गोळीनं पहिल्या वर्षी कामगिरी छान वर गेली, आणि नंतर पथ्यवाल्यांच्याच वेगानं खाली येत राहिली. मेटफॉर्मिनचंही तेच. नऊ वर्षांनी एकाच औषधावर ज्यांची साखर ताब्यात होती असे राहिले जेमतेम पाव रुग्ण.

हे आकडे साताऱ्याच्या माझ्या मामांच्या घरात फार उपयोगी पडले असते. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची एक गोळी होती, मग दोन झाल्या, मग तिसरी आली. दर वेळी गोळी वाढली की मामी घरात चौकशी आयोग बसवी. साक्षीदार शेजारचे, नातवंडं, कोपऱ्यावरचा चहावाला. "खरं सांग, यांनी परवा तुझ्याकडे कंदी पेढा खाल्ला की नाही?" साताऱ्यात राहून कंदी पेढ्याशी संबंध नाही असं सिद्ध करणं कुणालाही अवघड. मामा अर्धे पेढे कबूल करत आणि उरलेले डॉक्टरांच्या नावे मांडत: "त्यांना गोळ्या खपवायच्यात." स्वादुपिंडाचं वय होत असेल, ही शक्यता आयोगापुढे कधी आलीच नाही. मोतीबिंदू झाला तेव्हा मामांना कुणी विचारलं नव्हतं, की तुम्ही चोरून काय पाहिलंत. साखरेच्या बाबतीत मात्र प्रत्येक वाढलेली गोळी हा चारित्र्यावरचा डाग.

बरं, मामा लठ्ठ असते तर गोष्ट वेगळी. मामा सडपातळ. सदऱ्यात दोन मामा मावतील. अशा माणसांना मधुमेह का होतो याचा माग पुण्यातच काढला गेला, हे साताऱ्याच्या इतक्या जवळ असून मामांना ठाऊक नव्हतं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये लॅन्सेटमध्ये आपला आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांच्या उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघंही शिडशिडीत. इतक्या सभ्यपणे, स्वतःच्या पोटावर बोट ठेवून मांडलेला शोधनिबंध मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांच्या गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. इथलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५. स्नायू कमी, बाकीचे अवयव लहान, चरबी मात्र त्या मानानं राखलेली. आईच्या पोटातच हात आखडता घेतलेला.

त्याचा पुढचा धागा २०२२ सालचा. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी मधुमेहींचे गट पाडले होते, आणि पुण्याच्या चमूनं त्यांच्याबरोबर भारतातल्या तरुण वयात मधुमेह झालेल्या रुग्णांना तीच चाळणी लावली. तिकडे लठ्ठपणाचे आणि प्रतिरोधाचे गट मोठे. इकडे निम्म्याहून जास्त रुग्ण निघाले ते इन्सुलिनच कमी पडणाऱ्या गटातले. पानावर हात धरणारे कमी होते असं नाही, पण इथे मुळात वाढपीच मोजके. तेव्हा सडपातळ मामांना "कमी खा, कमी खा" एवढंच सांगत राहणं म्हणजे पंगतीतल्या अव्यवस्थेबद्दल पाहुण्यांनाच दटावणं.

आपलं स्वादुपिंड किती चालतं हे बघायची तपासणी असते. इन्सुलिन तयार होतं ते एका लांब साखळीतून. ती तुटली की एक तुकडा इन्सुलिनचा आणि एक सी-पेप्टाइडचा. ही मूळ साखळी डोनाल्ड स्टायनर यांनी शिकागोत १९६७ साली दाखवली. दोन्ही तुकडे सारख्याच संख्येनं बाहेर पडतात, पण निम्मं इन्सुलिन तर यकृत पहिल्याच भेटीत गिळतं, आणि रक्तात उरलेलं चार-सहा मिनिटांत निम्म्यावर येतं. सी-पेप्टाइडला निम्म्यावर यायला अर्धा तास लागतो आणि टोचायच्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणून बाहेरून इन्सुलिन घेणाऱ्याचं स्वतःचं किती, तेही यावरून कळतं. मी माझी ही तपासणी करून घेतली. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "अजून बरं आहे." त्या 'अजून'वर मी पुढचा आठवडा काढला.

कामातून गेलेल्या बीटा पेशींचं काय होतं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. २००३ साली शवविच्छेदनातल्या स्वादुपिंडांचा मोठा अभ्यास झाला. लठ्ठ मधुमेहींत बीटा पेशींचा साठा सुमारे ६० टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे गेल्या, वारल्या. पण २०१२मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं उंदरांत दाखवलं, की बऱ्याच पेशी मरत नाहीत. ताण सोसवेना की आपलं काम विसरतात आणि बाल्यावस्थेकडे परततात. वाढपी जागेवरच आहे, पण ओगराळं हातात धरून आपण इथे कशाला आलो याचा विचार करत उभा. मला हा सिद्धांत मनापासून पटतो. फ्रिज उघडून मीही तसाच उभा असतो.

विसरलेलं आठवू शकतं, हा त्यातला दिलासा. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी २०११ साली ११ मधुमेहींना आठ आठवडे दिवसाला ६०० उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. उपाशीपोटीची साखर आठवड्यातच सुधारली. पण मला अप्रूप आहे ते पुढच्याचं: यकृत आणि स्वादुपिंड यांतली चरबी उतरली तशी आठ आठवड्यांत पहिली फेरी परत आली. २०१७मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या साध्या दवाखान्यांतून असाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. वर्षाअखेर ४६ टक्के माणसं औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती, दुसऱ्या वर्षी ३६ टक्के. निदानाला सहा वर्षं झाली नव्हती अशांनाच त्यात घेतलं होतं. हे वाचून माझ्या एका मित्रानं, ज्याच्या मधुमेहाला आता मिसरूड फुटून लग्नाचं वय झालंय, आठवडाभर फक्त भोपळ्याचं सूप घेतलं आणि आठव्या दिवशी मिसळीच्या दुकानात सापडला.

दुसरा दिलासा चीनचा, आणि तो थेट इन्सुलिनच्या बदनामीबद्दल आहे. तिथल्या नऊ केंद्रांत ३८२ नव्या रुग्णांपैकी काहींना गोळ्या दिल्या आणि काहींना सुरुवातीलाच दोन-तीन आठवडे इन्सुलिन टोचलं, मग सगळ्यांची औषधं थांबवली. २००८ साली निष्कर्ष छापले. वर्षभरानंतर औषधाविना साखर ताब्यात असलेले इन्सुलिनच्या गटांत जवळजवळ निम्मे, गोळ्यांच्या गटात चौथ्या हिश्शाच्या थोडे वर. चढलेली साखर बीटा पेशींना स्वतःच बधिर करते. बाहेरून चार वाढपी मागवले की घरच्यांना बसायला मिळतं, आणि उठतात तेव्हा त्यांना पहिली फेरीही थोडीफार आठवते. आणि आपण ते इंजेक्शन शेवटची पायरी म्हणून माळ्यावर ठेवतो.

मामांना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा मी साताऱ्याला गेलो होतो. मामी आयोगाच्या अंतिम अहवालावर आलेली. मी वहीच्या कागदावर टर्नरची रेषा काढून मामांना समजावली. मामांनी चष्मा वर केला. "मागे कशी ओढलीस ही?"

"पट्टीनं."

"आम्हीही पावसाचे तक्ते असेच मागे ओढायचो. वरिष्ठांना आवडतात." मग बराच वेळ त्यांनी निदानाच्या साली बोट ठेवलं. "म्हणजे कळलं तेव्हाच निम्म्या गारद होत्या म्हणतोस?"

"साधारण."

"आणि मी कंदी पेढे खाल्ले असते-नसते तरी रेषा खालीच गेली असती?"

"जरा सावकाश गेली असती. पण गेली असती."

मामांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांची खातेनिहाय चौकशीतून सुटका होत होती. ते स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंस का? हा सांगतोय, निम्म्या आधीच गेल्या होत्या! मग तू एवढी वर्षं माझ्या चहातली साखर मोजलीस ती कशाला?"

आतून मामीचा आवाज आला, "मोजली म्हणून उरलेल्या निम्म्या टिकल्या एवढी वर्षं! आता ते पेन टोचा आणि ताटावर या. आमटी निवतेय."